तारेत गुंफलेली मोत्यांची माळ: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मोत्यांची माळ म्हटली की धाग्यात ओवलेला सर डोळ्यांसमोर येतो. तारेतली माळ त्याहून वेगळी. तिच्यात प्रत्येक मोती स्वतःच्या छोट्या तारेवर बसतो, त्या तारेच्या दोन्ही टोकांना कड्या वळलेल्या असतात आणि कडीत कडी अडकत माळ पुढे सरकते. धागा तुटला की मोती घरभर घरंगळतात. इथे एखादी कडी तुटलीच तर माळेचे दोन तुकडे होतात, पण मोती जागच्या जागी राहतात आणि तेवढा एक दुवा, म्हणजे एक मोती आणि त्याच्या दोन कड्या, नवा करून माळ पुन्हा जोडता येते. ही रीत आपल्याला परकीही नाही, नथीतले मोती तारेतच तर गुंफलेले असतात.

काम अवघड नाही, पण हात एकसारखा चालावा लागतो. २९ मोत्यांच्या माळेत ५८ कड्या येतात आणि त्यातली एक जरी अर्ध्या मिलिमीटरने मोठी झाली तरी गळ्यात घातल्यावर नजर तिथेच अडखळते. म्हणून पहिले १५-२० दुवे स्वस्त काचेच्या मण्यांवर आणि तांब्याच्या तारेवर करा. सरावाची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. त्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, पक्कडीने तो खरवडला जातो. सरावाला त्याने काही बिघडत नाही, गळ्यातल्या माळेला मात्र ती वापरू नये.

आधी भोक पाहा, मग तार घ्या

नवखे लोक उलट करतात. आधी सुंदर तार घेतात, मग मोती, आणि घरी आल्यावर कळते की तार मोत्यात शिरतच नाही. मोत्याला भोक पाडताना त्याचे वजन घटते, म्हणून भोक बारीकच ठेवतात. ७ मिमीच्या गोड्या पाण्यातल्या मोत्याचे भोक बहुतेक वेळा ०.६ ते ०.८ मिमी असते, ४-५ मिमीच्या बारीक मोत्यांत ते ०.५ पर्यंतही उतरते. तेव्हा आधी मोती घ्या आणि तार घेताना त्यातले चार सोबत न्या.

तारेच्या जाडीचा आकडा गेजमध्ये सांगतात, आणि इथे एक मोठा घोटाळा आहे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या आणि रिवाइंडिंगच्या दुकानांत सहसा ब्रिटिश गेज चालते, म्हणजे एसडब्ल्यूजी. ऑनलाइन मिळणारी दागिन्यांची तार आणि तिचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकन गेजमध्ये, म्हणजे एडब्ल्यूजीमध्ये बोलतात. आकडा तोच, जाडी वेगळी. अमेरिकन २४ गेज म्हणजे ०.५१ मिमी, ब्रिटिश २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी. अमेरिकन २६ गेज ०.४० मिमी, ब्रिटिश २६ गेज ०.४६ मिमी. ०.०५ मिमीचा फरक ऐकायला काहीच नाही, पण ०.५५ मिमीच्या भोकात एक तार सरकते आणि दुसरी अडते. दुकानात गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा.

या लेखातली सगळी मापे ७ मिमीचे मोती आणि ०.५ मिमी तार धरून आहेत. भोक बारीक असेल तर ०.४ मिमी तार चालेल, मात्र कडी बंद करायला तिच्या गळ्याशी घालायचे वेढे अडीचऐवजी तीन-साडेतीन घ्या. ०.४ पेक्षा बारीक तारेच्या कड्या माळेच्या वजनाने हळूहळू लांबट होतात, त्या वाटेला जाऊ नये.

धातू कोणता? ९२.५ टक्क्यांची चांदी सगळ्यात सरळ. वळते छान आणि वळताना हळूहळू कडक होते, त्यामुळे कडी आपला आकार धरून ठेवते. शुद्ध चांदी फार मऊ, तिच्या कड्या ओढ बसली की वाकतात. साधी तांब्याची तार घामाने काळवंडते आणि कातडीवर हिरवा डाग सोडते. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेचा थर पक्कडीच्या पहिल्याच चिमट्यात निघू शकतो. पिवळी माळ हवी असेल तर गोल्ड फिल्ड तार घ्या, तिच्यावरचे सोने मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड असते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि निकेलने अनेकांच्या मानेला खाज सुटून पुरळ येते.

मोती निवडताना

बाजारात मिळणारे बहुतेक गोड्या पाण्यातले मोती चीनमधल्या मोतीशेतीतून येतात. हैदराबादच्या चारमिनार परिसरातल्या दुकानांत विकले जातात त्यांतलेही बरेचसे हेच. हे मोती खरेच असतात, फक्त शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले. खरे-खोटे ओळखायला दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे मोती किंचित खरखरतात, नकली गुळगुळीत सरकतात. मग भिंगातून भोकाची कड पाहा. नकली मोत्याचा रंगाचा थर तिथे सालीसारखा सुटलेला दिसतो आणि खालची काच किंवा प्लॅस्टिक उघडे पडते.

साधारण ४० सेंमीच्या एका सरात ७ मिमीचे ५५-५७ मोती येतात. म्हणजे एका सरातून २९ निवडून बाकीचे बाजूला काढायला भरपूर वाव आहे. निवडताना चकाकीपेक्षा भोकाकडे जास्त लक्ष द्या. भोक मधोमध नसेल तर मोती तारेवर तिरका लोंबतो, आणि ते वळणाऱ्याच्या हाताने सुधारता येत नाही. प्रत्येक मोती सुईवर घालून फिरवा, डगमगला तर बाजूला ठेवा. कानातल्यांसाठी अर्धवट भोक पाडलेले मोतीही विकतात, ते चुकून घेऊ नका.

निवडलेले मोती ताटात टॉवेल अंथरून त्याच्या घडीत ओळीने मांडा. सगळ्यात मोठा आणि चांगला मोती मधे, मग दोन्ही बाजूंना उतरत्या क्रमाने. जोड्या इथेच लावून घ्या. नंतर, अर्धी माळ झाल्यावर, डावीकडचा मोती उजवीकडे नेता येत नाही.

हत्यारे आणि हिशेब

गोल चोचीची पक्कड, चपट्या अणकुचीदार चोचीची पक्कड आणि एका बाजूने सपाट कापणारे बारीक कटर, ही तीन हत्यारे लागतात. चपटी पक्कड आतून दातेरी नसावी. घरातल्या दुरुस्तीच्या पेटीतली दातेरी पक्कड तारेवर करवतीसारखे व्रण उमटवते. मोजपट्टी, मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि चष्मा हवा. चष्मा नंबरचा असो वा बिननंबरचा, पण हवाच, कारण कापलेले तारेचे टोक उडते आणि ते नेमके डोळ्याच्या दिशेने उडते. कापताना त्या टोकावर बोट ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता हिशेब. कडीचा आतला व्यास २ मिमी धरला तर बाहेरून ती ३ मिमी होते. वेढ्यांची जागा दोन्ही बाजूंना साधारण १.३ मिमी. मोती ७ मिमी. असा एक दुवा टोकापासून टोकापर्यंत १५.६ मिमी भरतो, पण कड्या एकमेकींत अडकल्यावर सुमारे १ मिमी आत जातो. म्हणजे प्रत्येक मोती माळेत जवळपास १४.६ मिमी भर घालतो. २९ मोत्यांचे ४२ सेंमी झाले, त्यात हूक आणि रिंग मिळून ३ सेंमी, म्हणजे ४५ सेंमीची माळ. ती गळ्याच्या हाडाखाली जरा उतरते. तुमच्या मापासाठी गळ्याभोवती सुतळी धरून हवी तिथे पाडा, मोजा, त्यातून ३ सेंमी वजा करा आणि उरलेल्याला १.४६ ने भागा. आकडा विषम येऊ द्या, म्हणजे मधला मोती मधोमध बसतो.

एका दुव्यासाठी ९ सेंमी तार कापा. दुव्यात प्रत्यक्ष सव्वाचार सेंमीच्या आसपास जाते, बाकीची पकडायला लागते आणि शेवटी कापली जाते. २९ तुकड्यांना २.६ मीटर झाली, चुकांसह ३.५ मीटर घ्या. ०.५ मिमीच्या चांदीच्या तारेचे वजन मीटरला सुमारे २ ग्रॅम, म्हणजे ७ ग्रॅम चांदी पुरते. कापलेली टोके डबीत साठवा, सराफ मोडीत घेतात.

गोल चोचीची पक्कड टोकाकडे निमुळती असते, म्हणून तार टोकाजवळ धरली तर कडी लहान आणि बुडाशी धरली तर मोठी होते. सगळ्या कड्या एकसारख्या यायच्या तर तार दर वेळी एकाच जागी धरली पाहिजे. जिथे चोच २ मिमी जाड आहे तिथे चिकटपट्टीचा एक वेढा मारा आणि तार त्या पट्टीच्या काठाला टेकवूनच वळा. मार्करची खूण दहा-बारा कड्यांत पुसली जाते, पट्टी टिकते. ५८ कड्या सारख्या निघण्याचे निम्मे श्रेय या पट्टीला जाते.

पहिला दुवा

तार सुती कापडात धरून दोन-तीनदा ओढा म्हणजे सरळ होते. जास्त ओढू नका, दर ओढीला ती कडक होते.

टोकापासून ३.५ सेंमीवर चपट्या पक्कडीने तार धरा आणि छोटा भाग बोटाने काटकोनात वाकवा. आता गोल पक्कड घ्या. वाकलेल्या कोपऱ्याच्या लगेच पुढे, पट्टीच्या काठाशी तार धरा आणि छोटा भाग वरच्या चोचीवरून पलीकडे न्या. इथे तार चोचीत अडते. पक्कड काढा, खालची चोच अर्धवट झालेल्या कडीत घाला आणि उरलेला फेरा पूर्ण करा, छोटा भाग दांडीला, म्हणजे तारेच्या सरळ लांब भागाला, आडवा छेदून जाईपर्यंत. कडी दांडीच्या बरोबर डोक्यावर बसली पाहिजे. ती एका कुशीवर झुकली असेल तर वेढे घालण्याआधीच सरळ करा, नंतर हलवता येत नाही.

आता चपट्या पक्कडीने कडी आडवी, पूर्ण आत घेऊन धरा. जेमतेम दाबाने धरा, कडी चेपली तर लंबगोल होते. दुसऱ्या हाताने छोटे टोक दांडीभोवती गुंडाळा, अगदी कडीच्या गळ्याशी सुरुवात करून, वेढ्याला वेढा चिकटवत. अडीच वेढे. बोटे घसरत असतील तर दुसऱ्या पक्कडीने टोक पकडून ताणत फिरवा. मग कटरची सपाट बाजू वेढ्यांकडे ठेवून टोक कापा. कापल्यावर एक बारीक अणी उरते, ती चपट्या पक्कडीच्या टोकाने हलकेच दाबून दांडीशी मिळवा.

मोती घाला आणि वेढ्यांवर टेकवा. दुसऱ्या बाजूला चपट्या पक्कडीचे अगदी टोक मोत्याला चिकटवून तार धरा. बहुतेक पक्कडींचे टोक दीड मिमीच्या आसपास रुंद असते आणि अडीच वेढ्यांना लागते तेवढीच जागा, म्हणून पक्कडीचे टोकच तुमचे माप. पक्कडीवरून तार काटकोनात वाकवा, पक्कड काढा, गोल पक्कडीने आधीसारखीच कडी वळा. इथे थांबा. दोन दुवे जोडायचे तर एकाची कडी वेढे घालण्याआधी, उघडी असतानाच, दुसऱ्याच्या कडीत अडकवावी लागते. वेढे घातल्यावर कडी कायमची बंद होते आणि दोन बंद कड्या एकमेकींत जात नाहीत. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती लक्षात येते तेव्हा तार कापून दुवा नव्याने करण्यावाचून मार्ग नसतो.

सोयीची रीत अशी: मधल्या मोत्याचा दुवा दोन्ही कड्या बंद करून पूर्ण करा. नंतरच्या प्रत्येक दुव्याची पहिली कडी वळली की ती आधीच्या दुव्याच्या बंद कडीत अडकवा, मग वेढे घाला, मोती घाला आणि दुसरी कडी पूर्ण बंद करा. एक उजवीकडे, एक डावीकडे, असे आळीपाळीने जा म्हणजे जोड्या चुकत नाहीत. एका दुव्याच्या दोन्ही कड्या एकाच पातळीत ठेवा, टेबलावर आडवा ठेवला तर दोन्ही सपाट टेकल्या पाहिजेत. हात बसल्यावर रीळ न कापता थेट रिळावरूनच काम करता येते आणि तार निम्म्याने वाचते, पण पहिल्या माळेला तुकडे कापूनच करा.

काय बिघडते आणि का

मोती तारेवर खुळखुळत असेल तर दांडी जास्त राहिली. अर्धा वेढा वाढवून चालते. तार संपली असेल तर दुवा बदला, तसाच सोडू नका, कारण सैल मोती वेढ्याच्या काठावर घासत राहतो आणि भोकाची कड झिजते. उलट वेढे मोत्यावर करकचून आवळले तर भोकापाशी टवका उडतो. शेवटचा वेढा मोत्याला टेकावा, दाबू नये.

तार भोकात अडली तर ढकलू नका. आधी बारीक सुईने भोकातली भुकटी काढा. तरीही जात नसेल तर हिऱ्याच्या कणीची बारीक सळई मिळते, तिने भोक रुंद करता येते, पण मोती पाण्यात बुडवूनच, आणि दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे. एकाच बाजूने आरपार नेली तर पलीकडची कड फुटते. कोरड्याने केले तर मोती तापतो आणि त्याची बारीक धूळ श्वासात जाते.

कडी वळताना तार मोडली तर सहसा ती तिसऱ्या-चौथ्यांदा वाकवलेली असते. दर वाकणाला धातू कडक आणि शेवटी ठिसूळ होतो. चुकलेली कडी एकदा उलगडून सुधारता येते, दुसऱ्यांदा नाही. चांदीच्या त्या तुकड्यावर माया करू नका, नवा घ्या.

आणि टोचणारी अणी. डोळ्याला ती दिसत नाही. पूर्ण झालेला प्रत्येक दुवा जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून, वेढ्यांची बाजू खाली करून, सावकाश फिरवा. जिथे धागा ओढला जाईल तिथे अणी आहे. पक्कडीने पुन्हा दाबा, पुन्हा फिरवा. ही परीक्षा दर दुव्याला घ्या, माळ झाल्यावर ५८ ठिकाणी शोधत बसण्यापेक्षा सोपे पडते. एक राहिलेली अणी पैठणीच्या पदराचा किंवा मानेवरच्या केसांचा जीव घेते.

हूक

तयार लॉबस्टर हूक, म्हणजे कळ दाबून उघडणारा हूक, चालतो, पण तो माळेला जोडताना जंप रिंग, म्हणजे न सांधलेली सुटी कडी, मधे घालू नका. जंप रिंगची फट उघडीच असते आणि सगळी माळ तिच्यावर लोंबते, त्यामुळे माळ पडते ती बहुधा तिथूनच. शेवटच्या दुव्याची कडी बंद करण्याआधी थेट हुकाचा डोळा आणि दुसऱ्या टोकाला बंद रिंग तिच्यात अडकवा. जंप रिंग वापरावीच लागली तर ०.८ मिमी किंवा जाड घ्या, आणि ती बाजूंना फाकवून नाही, एक टोक पुढे आणि एक मागे ढकलून उघडा. फाकवलेली रिंग पुन्हा गोल होत नाही.

हूक घरी करायचा तर १ मिमी तारेचा ५ सेंमी तुकडा घ्या, दोन्ही टोके कानसून गोल करा आणि पेनाच्या दांडीवर इंग्रजी एसच्या आकारात वळा. एक बाजू पूर्ण मिटवा, दुसरीत तार जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा. सपाट लोखंडावर ठेवून वळणांवर हातोडीचे चार-पाच हलके ठोके द्या, म्हणजे तो कडक होईल. न ठोकलेला हूक पहिल्याच समारंभात उघडतो.

वापर आणि दुरुस्ती

मोती हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारे. चांदीची भांडी आपण चिंचेने किंवा लिंबाने घासतो, तशी ही माळ कधीही घासू नका, चांदी उजळवणाऱ्या द्रवातही बुडवू नका. तार चमकेल आणि मोती कायमचे निस्तेज होतील. तार काळवंडली तर चांदी पुसण्याच्या कोरड्या कापडाची पट्टी करून फक्त कड्या पुसा, थोडे किचकट आहे पण दुसरा मार्ग नाही. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे आधी, माळ सगळ्यात शेवटी. उतरवल्यावर ओलसर मऊ सुती कापडाने घाम टिपून मलमलीत गुंडाळा आणि इतर दागिन्यांपासून वेगळी ठेवा. मोती खड्यांपेक्षा मऊ आणि नाजूक असल्याने शेजारचा दागिना त्यावर ओरखडे पाडतो.

एखादा मोती फुटला किंवा कडी तुटली तर तो दुवा दोन्ही बाजूंनी कापून काढा, शेजारच्या बंद कड्यांना कटर लागू देऊ नका. नव्या तारेवर पहिली कडी वळा, ती डावीकडच्या तुकड्यात अडकवून वेढे घाला, मोती घाला, दुसरी कडी वळा, ती उजवीकडच्या तुकड्यात अडकवा आणि मगच शेवटचे अडीच वेढे घाला. या कामासाठी निवडीतून उरलेले चार-पाच मोती आणि अर्धा मीटर तीच तार माळेच्या डबीतच ठेवलेली असावी, कारण दोन वर्षांनी त्याच छटेचा मोती बाजारात सापडेलच असे नाही.